एकशे बेचाळीस

कुह्मोत डिसेंबरात दुपारी अडीचलाच दिवे लावतो आम्ही.
त्या दिवशी उणे सत्तावीस. कडीला हात चिकटत होता.
टाउनो पीराइनेन आला,
स्नोमोबाइलमागे बांधलेल्या मासळीच्या पेटीतून
घोंगडीत गुंडाळलेली कुत्री उचलून.
“खोकते,” म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.
इथली माणसं शब्द सरपणासारखे वापरतात,
हिवाळा सरायच्या आत संपू नयेत म्हणून.

तुइस्कू. काळीपांढरी. अस्वलापुढे पाय रोवून उभी राहिलेली.
आता टेबलावर, कोपरं अंगापासून दूर, मान लांबवलेली,
एकेक श्वास
खोल विहिरीतून शेंदावा तसा शेंदत.

नळी छातीला लावली की आत करकर.
पण करकर कुणाचीही असू शकते.
मागच्याच आठवड्यात सायमीची म्हातारी पूडल,
तिचीही हीच करकर, आणि ते निघालं हृदय,
थकलेलं, पाणी मागे तुंबवणारं.
एक्स-रेत दोघींच्या फुप्फुसांवर धुकं.
धुकं आपलं नाव सांगत नाही.

म्हणून रक्त.
मानेवरचे केस भादरले, अंगठ्याने शीर दाबली.
दोन मिलिलिटर.
नळी गरगर फिरली, लाल तळाशी बसलं,
वर उरली ताकावरच्या निवळीसारखी पिवळट धार.
यंत्राला दहा मिनिटं लागतात.
टाउनो भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे बघत उभा.

जंतू छातीत शिरतात तेव्हा
छाती नुसती खोकते.
बोंब ठोकतं ते यकृत.
एका पडद्याचा तर शेजार;
पलीकडे काही जळतंय असा वास आला
की ते रक्तातून दवंडी पिटत सुटतं, गल्लीगल्लीतून,
आणि आम्ही ती दवंडी
मिलिग्रॅममध्ये मोजतो.

पूडलची होती सात.
सात म्हणजे गाव शांत, भांडण घरातलं.
तिला लघवी उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या, अँटिबायोटिक नाही.

तुइस्कूच्या कागदावर आलं
एकशे बेचाळीस.

डॉक्टर सॅदे काही बोलली नाही. बाटलीचं बूच काढलं.

तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.
पाचव्याला तिने माझा अर्धा सँडविच पळवला,
तो आकडा कुठल्याच यंत्रात येत नाही.
आठव्या दिवशी सहा.

धुकं मात्र फोटोत होतं तिथेच, जरा विरलेलं.
टाउनोने त्यावर बोट ठेवलं. “हे?”
“सावली उशिरा उठते,” सॅदे म्हणाली.
“रक्त आधी घरी पोचलंय. औषध बंद.”

तो पट्टा हातात गुंडाळत राहिला. मग,
“माणसांतही असतं हे?”
“असतं. नावही तेच.”
“आयलीचं कुणी पाहिलं होतं का?
मार्चात तीन आठवडे खोकत होती.
थंडीचं आहे म्हणाली.
मीही म्हटलं, थंडीचं आहे.”

इतकं सरपण त्याने एकदम कधी जाळलं नव्हतं.
सॅदेने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.
आयली गावच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती,
हे कुह्मोत सगळ्यांना ठाऊक आहे.

दारात पोचल्यावर तो खोकला, हातमोज्यात तोंड खुपसून.
आधी तुइस्कूचे कान वळले, मग आमचे.
“आरोग्य केंद्र आठला उघडतं,” सॅदे म्हणाली.
“मी काय कुत्रा आहे?”
“नाही ना. कुत्र्याला आणणारं माणूस असतं.”

दार लागलं. जमिनीवर थोडा बर्फ राहिला, वितळायला.

दुसऱ्या सकाळी आठला दहा कमी असताना
मी आरोग्य केंद्रावरून गेले.
अंगणात मासळीची पेटी.
पेटीत तुइस्कू, ताठ बसलेली, नजर दारावर,
तिच्या श्वासाची वाफ सरळ वर जात होती.

आत काय आकडा आला
मला माहीत नाही.
तो कागद आमच्याकडे येत नाही.